पंधरवड्याची सुई

जरीपटक्यात थॅलेसेमिया म्हणजे काय, हे फोड करून सांगावं लागत नाही. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं उत्तर नागपूरच्या या भागात वसली, आणि या आजाराचा सदोष जनुक सिंधी समाजात इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. डॉ. विंकी रुघवानी यांचं थॅलेसेमिया आणि सिकलसेल सेंटर याच वस्तीत आहे.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या बाळाचं हिमोग्लोबिन पहिल्या-दुसऱ्या वर्षातच घसरू लागतं. हाडांतली मज्जा जिवाच्या आकांताने लाल पेशी बनवत राहते, पण त्यांतल्या बहुतेक तिथेच मरतात. मज्जा फुगत जाते, गालफडं आणि कपाळ रुंदावतं, पानथरी वाढते. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. त्याने अंगात त्राण येतं हे खरंच, पण हिमोग्लोबिन साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ दिलं नाही, तर मज्जेचीही ही ओढाताण थांबते.

अशी मुलं शाळकरी होईपर्यंत शिरांच्या बाबतीत जाणकार होतात. "उजवीकडची मिळत नाही सिस्टर, डावीकडे बघा," असं म्हणत स्वतःच हात पुढे करतात. वारंवार टोचून शीर कडक होते, सुई घसरते, पुन्हा टोचावं लागतं. पिशवीवरचा रक्तगट आणि नंबर कागदाशी ताडून झाला की थेंब सुरू. पुढचे तीन-चार तास हात हलवायचा नाही.

रक्तासोबत लोह येतं. एका पिशवीत साधारण 200 मिलिग्रॅम. शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींत साचतं. वेळेवर काढलं नाही तर हृदयच निकामी होतं. आधी त्यासाठी रात्र रात्र पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून पंप लावावा लागे. आता गोळ्या आहेत, पण त्या रोजच्या रोज घ्याव्या लागतात.

आणि प्रत्येक पिशवीमागे दाता वेगळा. मे 2022 मध्ये डॉ. रुघवानींनी जे सांगितलं, त्याने नागपूर हादरलं: रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाली होती, त्यांतलं एक दगावलं होतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्याला नोटीस काढली. दात्याला नुकतीच लागण झाली असेल तर रक्तपेढीतली नेहमीची एलायझा तपासणी काही दिवस ती पकडू शकत नाही. नॅट तपासणी विषाणूचं जनुकद्रव्यच शोधते, म्हणून हा धोक्याचा काळ बराच आखूड होतो. वर्षाला वीस-पंचवीस पिशव्या लागणाऱ्या मुलाला नॅट केलेलंच रक्त, तेही विनामूल्य, मिळालं पाहिजे. पैसे असतील त्यानेच सुरक्षित रक्त घ्यावं, हे मला मान्य नाही.

मुळात हा आजार टाळताही येतो. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला एचबीए-टू ही साधी रक्ततपासणी केली की सदोष जनुकाचा वाहक कोण ते कळतं. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता 25 टक्के. मग गर्भाची तपासणी दहा ते बारा आठवड्यांत करता येते.

आज रक्त घेणाऱ्या मुलांना मात्र दाते लागतातच, आणि लाल पेशींची पिशवी साधारण 35 ते 42 दिवसच टिकते. दिवाळीच्या सुट्यांत रक्तदान शिबिरं थंडावतात, मुलांच्या तारखा मात्र ठरलेल्याच असतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दिलेलं रक्त सुट्या संपेपर्यंत पुरतं.