संगणकाचे नाजूक भाग आणि डहाणू-तलासरीची हवा : गैरसमज व वस्तुस्थिती

सुट्या भागांतून संगणक जुळवताना बहुतेकांना सर्वांत मोठी धास्ती वाटते ती स्थिरविद्युतेची, म्हणजे कपड्यांच्या आणि पावलांच्या घर्षणाने शरीरावर साचणाऱ्या विद्युतभाराची; आणि या धास्तीभोवती परस्परविरोधी असे दोन गैरसमज नांदतात. पहिला असा, की उघडा हात लागताच मदरबोर्ड निकामी होतो. दुसरा असा, की डहाणू, घोलवड, बोर्डीसारख्या समुद्रकाठच्या दमट गावांत हा भार साचतच नाही. माणसाच्या बोटाला ठिणगी जाणवते ती साधारण 3000 व्होल्टच्या आसपास, आणि संरक्षण नसलेल्या काही अर्धवाहक घटकांना तर 100 व्होल्टहून कमी दाबानेही इजा होऊ शकते. त्यामुळे काही जाणवले नाही म्हणजे काही झाले नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. मात्र आधुनिक चिपच्या जोडांपाशी संरक्षक मंडल असते, आणि भाग एकदा मदरबोर्डवर व कॅबिनेटमध्ये बसला की धोका बराच कमी होतो. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसून भार निचरून जातो, हे जुलै-ऑगस्टपुरते खरे आहे. परंतु हिवाळ्यातील कोरड्या दुपारी, किनाऱ्यापासून दूर असलेल्या तलासरीच्या डोंगराळ पाड्यांवर किंवा वातानुकूलित खोलीत तीच हवा हे काम करीत नाही. भाग हाती घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करणे आणि मदरबोर्ड किंवा रॅम कडेने धरणे, एवढी सवय बहुधा पुरेशी असते.

याहून गंभीर, आणि फारच कमी चर्चिला जाणारा प्रश्न अर्थिंगचा, म्हणजे यंत्राच्या धातूच्या आवरणाला जमिनीशी जोडणाऱ्या तारेचा आहे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या की त्याचे खापर स्थिरविद्युतेवर किंवा मदरबोर्डवर फोडले जाते, आणि चांगला बोर्ड बदलला जातो. प्रत्यक्षात संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या आवरणाकडे जोडलेले असतात. अर्थिंगची तार तुटलेली असेल किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावलेला असेल, तर आवरणावर 230 व्होल्टच्या सुमारे निम्मा दाब येतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असला तरी अशा वेळी मनगटाचा स्थिरविद्युतरोधक पट्टा कॅबिनेटला अडकवून संरक्षण मिळत नाही. कातळाची जमीन आणि एप्रिल-मेमध्ये सुकलेला अर्थिंगचा खड्डा यांमुळे घरात तिसरी तार असूनही ती नावापुरतीच उरते, म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालणे आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घेणे ही संगणक जुळवणीचीच पहिली पायरी मानली पाहिजे.

किनारपट्टीवर संगणकाचा खरा शत्रू खारी हवा आहे, आणि तिच्याविषयीचे गैरसमज सर्वाधिक नुकसान करतात. पावसाळ्यात यंत्र बंद करून प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवले की ते सुरक्षित राहते, असे मानले जाते. पण साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतील बाष्प ओढून स्वतःच विरघळते. मदरबोर्डवरील धुळीत असे मीठ मिसळलेले असेल, तर डोळ्यांना कोरड्या दिसणाऱ्या धुळीत वीजवाहक द्रवाचा पातळ थर तयार होतो. संगणक बंद दिसत असला तरी भिंतीवरील बटण चालू असेल तर मदरबोर्डवर 5 व्होल्टचा पुरवठा सुरू असतो, आणि त्या दाबाखाली तांब्याचे कण एका जोडाकडून दुसऱ्याकडे सरकून हिरवट गंज व बारीक धातुतंतू निर्माण होतात. चालू संगणक मात्र खोलीपेक्षा काही अंशांनी उबदार असल्याने त्याच्या आतील हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते. त्यामुळे रोज काही वेळ तो चालवणे आणि पावसाळ्यापूर्वी मऊ ब्रशने धूळ काढणे हे आठवडेच्या आठवडे झाकून ठेवण्यापेक्षा हितकर असते.

याच संदर्भात खोडरबराचा उपाय तपासावा लागतो. संगणक सुरू होईनासा झाला की रॅमचे सोनेरी जोड खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि त्यानंतर संगणक सुरूही होतो; पण बहुतेकदा रॅम काढून पुन्हा बसवल्यानेच तो सुरू झालेला असतो. त्या जोडांवरील सोन्याचा मुलामा सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असून त्याखाली निकेल व तांबे असते, आणि वारंवार घासल्याने मुलामा झिजला की खाऱ्या हवेला आतली वाट मोकळी होते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओलावलेले, तंतू न सुटणारे कापड हेच काम इजा न करता करते.

प्रोसेसरच्या पिना वाकल्या म्हणजे सारे संपले, ही समजूतही अर्धवट आहे. इंटेलने 2004 साली पिना प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये आणल्या, आणि एएमडीनेही 2022 च्या 1718 जोडांच्या सॉकेटपासून घरगुती संगणकांसाठी तोच मार्ग धरला. म्हणून आज जपायचे ते सॉकेट, आणि त्याचे प्लास्टिकचे झाकण प्रोसेसर बसेपर्यंत काढू नये. वाकलेली पीन भिंगाखाली, तिरप्या उजेडात, बारीक सुईने हलकेच एकदाच सरळ करता येते. मागेपुढे वारंवार वाकवल्यास ती तुटते. जुन्या पद्धतीच्या पिनांच्या प्रोसेसरबाबत उष्णता वाहून नेणारा हीटसिंक थेट वर ओढणे टाळावे, कारण दोहोंमधील सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसरही सोबत उपटून येतो. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट उबदार करावी आणि हीटसिंक हलकेच फिरवत सोडवावा. याउलट सॉकेटची दांडी दाबताना किंवा रॅम बसवताना बराच जोर लागतो आणि करकर आवाजही येतो, तिथे घाबरून अर्धवट दाबणेच चुकीचे होय.

पाण्यात भिजलेला भाग तांदळात ठेवण्याचा सल्ला ठामपणे नाकारला पाहिजे, कारण तांदूळ पाणी फारसे ओढत नाही आणि त्यातील क्षार तर मुळीच काढत नाही. प्लग व मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी लगेच काढून बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन पंख्याखाली पूर्ण सुकवणे हाच योग्य क्रम आहे. एसएमपीएस मात्र घरी उघडूच नये, कारण त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही सुमारे 325 व्होल्टचा घातक भार काही काळ राहू शकतो.

नोव्हेंबर 2018 पासून याच भागातील धुंदलवाडी परिसरात सुरू झालेल्या भूकंपाच्या धक्क्यांमुळे मदरबोर्डवरील जोड निखळतात, अशी भीती व्यक्त होते. पण नीट बसवलेल्या भागांना त्याहून अधिक धोका कॅबिनेट उंचावरून पडण्याचा असतो, म्हणून ते जमिनीलगत, पण पावसाचे पाणी शिरणार नाही इतक्या उंचीवर ठेवावे. खरोखर नाजूक असते ती चालू स्थितीतील हार्ड डिस्क, कारण तिचे वाचनशीर्ष फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आदळल्यावर तिच्यातून टकटक आवाज येऊ लागला, तर ती पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नये आणि घरी उघडूही नये. वीज तोडून, माहिती मोलाची असेल तर धूळमुक्त कक्ष असलेल्या केंद्राकडे ती आहे तशी पाठवावी.