वाचनालयाच्या टेबलावर मोबाईल: कर्मचाऱ्यांना शिकवायचं काय आणि कसं?

नवीन पनवेलला लागून असलेलं विचुंबे आता पहिल्यासारखं गाव राहिलेलं नाही. नैना क्षेत्रातल्या या गावात इमारती वाढल्या, कुठून कुठून आलेली कुटुंबं इथे राहू लागली. नव्या ठिकाणी आलेला माणूस शाळा, दवाखाना, मशीद, किराणा दुकान सगळं आधी मोबाईलवर शोधतो. अभ्यासाला शांत जागा हवी असलेला बारावीचा किंवा एमपीएससीचा विद्यार्थीही तेच करतो. मोबाईलवर जे वाचनालय सापडत नाही, ते त्याच्यापुरतं नसल्यातच जमा. पनवेलमध्ये के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, पण कालच राहायला आलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

‘वाचनालयांनी सोशल मीडियावर यायला हवं’ असं सगळेच म्हणतात. पण हे काम करणार कोण, हे कुणी विचारत नाही. लहान वाचनालयात सकाळी कुलूप उघडणारा, वर्तमानपत्रं लावणारा, पुस्तकं देणारा-घेणारा आणि वर्गणीची पावती फाडणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. पेज चालवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. त्याला ते शिकवलंय का? शिकायला वेळ दिलाय का?

नऊ आठवडे, तेवीस गोष्टी

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर २००६ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने दिलं. तिथल्या हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘तेवीस गोष्टी’ नावाचा कार्यक्रम आखला. नऊ आठवड्यांत तेवीस छोटी कामं करायची होती. आधी स्वतःचा ब्लॉग उघडायचा, मग फोटो टाकायचा, व्हिडिओ शोधायचा, विकीवर लिहायचं, आणि जे केलं त्याबद्दल ब्लॉगवर चार ओळी लिहायच्या. कुणाला वर्गात बसवून भाषण दिलं नाही. ज्याने त्याने आपल्या सवडीने शिकावं, अडलं तर शेजारच्याला विचारावं, अशी रीत होती. सगळं पूर्ण करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर बक्षीस मिळाला. पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी हा कार्यक्रम आपापल्या सोयीने बदलून घेतला.

त्या तेवीसपैकी बरीच साधनं आज मागे पडली आहेत. पण शिकवण्याची पद्धत आजही उपयोगी आहे: काम लहान हवं, हातांनी करायचं हवं, चुकलं तरी कुणी ओरडणार नाही याची खात्री हवी. आपल्याकडे एक दिवसाची कार्यशाळा होते, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो आणि आठवड्याभरात पासवर्डसुद्धा विसरला जातो.

आपल्याकडे हे कसं जमेल?

विचुंबे-देवद परिसरातलं शाळेचं ग्रंथालय असो की एखाद्या ट्रस्टने मोहल्ल्यात चालवलेली अभ्यासिका, खालची कामं आठवड्याला एक याप्रमाणे कुणालाही शिकता येतील.

पहिला आठवडा: गुगल मॅपवर वाचनालयाचं नाव, पत्ता आणि खऱ्या वेळा टाका. याला पैसे लागत नाहीत. रमजानमध्ये वेळ बदलली तर इथेही बदला.

दुसरा आठवडा: व्हॉट्सॲप चॅनेल उघडा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून मुली आणि महिला वाचक त्यात यायला कचरतात. चॅनेलमध्ये एका वाचकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, पण ज्याने वाचनालयाचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोहोचतो.

तिसरा आठवडा: नव्या पाच पुस्तकांचे फोटो आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी. मराठी आणि उर्दू वाचणारे एकाच घरात असतात, तेव्हा पोस्ट दोन्ही भाषांत असली तर उत्तम.

चौथा आठवडा: मोबाईलवर मराठी आणि उर्दू टायपिंग, बोलून टाईप करणंसुद्धा.

पाचवा आठवडा: वाचकाला ऑनलाईन पुस्तकं शोधून देणं. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोश, उर्दूसाठी रेख्ता हे तिन्ही आधी कर्मचाऱ्याने स्वतः वापरून पाहावं.

सहावा आठवडा: पुस्तकांची यादी संगणकावर घेणं. कोहा ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयासाठी तयार झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ती खरोखरच मोफत आहे. आपल्या एनआयसीची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. सुरुवातीला साधी एक्सेल शीट असली तरी चालेल.

उरलेले आठवडे मागचं पक्कं करायला ठेवा.

हे आपल्या आवाक्यातलं आहे, याचं उदाहरण लांब शोधायला नको. अंजुमन-ए-इस्लामचं कालसेकर टेक्निकल कॅम्पस नवीन पनवेलमध्येच आहे. तिथल्या ग्रंथालयाने विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल डीस्पेस या मोफत प्रणालीतून ऑनलाईन ठेवले आहेत. एरवी कपाटात धूळ खात पडले असते ते अहवाल आज पुढच्या बॅचच्या मुलांना घरबसल्या पाहता येतात.

काय टाकायचं नाही, हेही शिकवा

हा भाग बहुतेक प्रशिक्षणांत राहून जातो. कुठल्या वाचकाने कुठलं पुस्तक नेलं, ही त्याची खासगी बाब आहे. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकणं किंवा अभ्यास करणाऱ्या मुलींचे फोटो न विचारता फेसबुकवर लावणं चुकीचं आहे. माणसाची माहिती वापरण्याआधी त्याची संमती घ्या, हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही गाभा आहे. मुली अभ्यासिकेत याव्यात असं वाटत असेल तर एवढी काळजी घ्यावीच लागेल.

दुसरी गोष्ट पीडीएफची. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ आता सर्वांसाठी खुली आहे. शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कवितांवरचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. ‘समाजासाठीच तर पाठवतोय’ म्हणून अख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर सोडणं कायद्यात बसत नाही.

खरं-खोटं तपासणारा माणूस

आमच्या मते कर्मचाऱ्यांना शिकवण्याचं सर्वात मोठं कारण पोस्ट आणि लाईक्सच्या पलीकडचं आहे. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. मेलेली माणसं भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचं जाहीर केलं. अफवेची किंमत काय असते, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

नुकसान रोजच्या गोष्टींतही होतं. अल्पसंख्याकांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये नववी-दहावीपुरतीच ठेवली. पहिली ते आठवीचा जुना मेसेज फिरत राहिला, तर मजुरी बुडवून दाखले गोळा करणारी आई उगाच खेटे घालते. अशा वेळी ‘थांबा, आपण सरकारी संकेतस्थळावर तारीख बघू’ असं म्हणणारं कुणीतरी जवळ हवं. माहिती कुठून आली, कधीची आहे, कुणी लिहिली, हे पाहणं ग्रंथपालाला नवीन नाही. पुस्तकाची नोंद करताना तो लेखक, प्रकाशक आणि वर्ष हेच तर पाहतो. तीच सवय मोबाईलवर आणायची आहे.

समितीने काय करावं?

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळतं. ‘ड’ वर्गातल्या कर्मचाऱ्याच्या हाती येणारं मानधन तुटपुंजं असतं. त्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटा पॅकवर, घरी बसून वाचनालयाचं पेज चालवावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. समितीने वाचनालयाच्या नावाने वेगळा नंबर घ्यावा, पासवर्ड दोघांकडे ठेवावेत आणि आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेतच शिकण्यासाठी राखून द्यावा. पदाधिकाऱ्यांनीही त्या तासाला बसावं. गल्लीतल्या कॉलेजच्या मुलांना शिकवायला बोलवा, त्यांनाही वाचनालयाची ओळख होईल.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ग्रंथालय ही वाढत राहणारी, जिवंत गोष्ट आहे, हे त्यातलं शेवटचं. आपण वाढ मोजतो ती कपाटं आणि पुस्तकांवरून. टेबलामागच्या माणसाची वाढही त्यात धरायला हवी. वाचकहो, तुमच्या जवळच्या वाचनालयात या आठवड्यात एकदा जा, आणि गुगल मॅपवर त्याची वेळ बरोबर दिसते का ते तिथल्या कर्मचाऱ्यासोबत बसून बघा. दहा मिनिटांत पहिल्या आठवड्याचं काम होऊन जाईल.