कडू म्हणजे गुणकारी, गोड म्हणजे निर्धोक?

स्टीलचे दोन चमचे. खालच्या चमच्यात गोळी, वरच्या चमच्याच्या बुडाने तिच्यावर दाब. करकर आवाज होतो, गोळीचा चुरा होतो, त्यात चार थेंब पाणी आणि चिमूटभर साखर पडते. मग लेकराचे तोंड उघडायची झटापट सुरू होते. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखाली नांदुरा-जळगाव जामोदकडे. आजारी मूल असलेल्या घरात हे ठरलेले. ‘आये, लय कडू हाय वं!’ म्हणून लेकरू रडते आणि आजी समजूत घालते, ‘कडू हाय म्हनूनच गुन येते.’

औषधाच्या चवीचा त्याच्या गुणाशी असा संबंध नसतो. पण चवीचा आणि उपचार पुरा होण्याचा संबंध फार जवळचा आहे. थुंकून टाकलेली, ओकून पडलेली किंवा उशाखाली दडवलेली गोळी कितीही गुणकारी असली तरी तिचा उपयोग शून्य. म्हणूनच औषधाची चव हा लाडाकोडाचा विषय नाही. उपचाराचाच तो एक भाग आहे.

जीभ एवढी सावध का?

कोणत्याही पदार्थाची चव लागायची तर तो आधी लाळेत विरघळावा लागतो. विरघळलेले रेणू चवकलिकांतल्या ग्राहक प्रथिनांना चिकटले की मेंदूला संदेश जातो. गोड ओळखायला माणसाकडे मुख्यतः एकच ग्राहक आहे. कडू ओळखायला मात्र सुमारे २५ प्रकारचे. हे कडू ग्राहक २००० साली शास्त्रज्ञांच्या हाती लागले. ही विषमता उगाच नाही. गोड म्हणजे ऊर्जा, एवढे कळले की पुरे. विषारी द्रव्ये मात्र नाना तऱ्हांची. वनस्पती किडींपासून आणि जनावरांपासून बचावासाठी जी रसायने बनवतात, त्यांतली पुष्कळशी कडू असतात. म्हणून तान्हे बाळही गोड चाटते आणि कडू लागले की तोंड वाकडे करते. त्याला ते कोणी शिकवलेले नसते.

गंमत अशी की याच रसायनांतून आपली कित्येक औषधे आली. सिंकोना झाडाच्या सालीतून पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० साली क्विनाइन वेगळे केले. पुढे हिवतापावर तेच प्रमुख औषध ठरले. ब्रिटिश अमदानीत, आधी बंगालमध्ये आणि मग इतर प्रांतांतही, त्याच्या स्वस्त पुड्या पोस्टात विकल्या जात. नंतर आलेले क्लोरोक्विनही तितकेच कडूजहर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना हिवताप नवा नाही. त्याच्या एका प्रकारात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, तोंडाची चव मात्र गेलेली असते, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. यकृतात दडलेले परजीवी मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात.

एकाच घरात दोन जिभा

‘याच्या भावानं तर मुकाट्यानं घेतलं, हाच नाटकं करतो,’ असे आपण सहज म्हणतो. १९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची भुकटी हाताळत होते. ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती भलतीच कडू लागली. फॉक्स यांना काहीच चव कळेना. हा फरक आनुवंशिक आहे हे लवकरच स्पष्ट झाले आणि २००३ साली त्यामागचे जनुकही सापडले. सगळ्या औषधांचा कडूपणा या एका जनुकावर ठरत नाही, पण एकच औषध दोन भावंडांना वेगवेगळे लागू शकते, हे यातून पक्के झाले. शिवाय लहान मुलांची जीभ कडू चवीला मोठ्यांपेक्षा अधिक संवेदनशील असते. ‘नाटकं’ म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

काही चवी तर औषध नुसते जिभेवर ठेवल्याने लागत नाहीत. आशाताई गरोदर बाईच्या हातात लोहाच्या लाल गोळ्या देतात तेव्हा पहिली तक्रार असते, ‘तोंडात लोखंडासारखं लागते.’ ही चव बरीचशी वासातून येते. लोहामुळे तोंडातल्या स्निग्ध पदार्थांचे विघटन होऊन वास येणारी द्रव्ये तयार होतात आणि ती घशामागून नाकात पोहोचतात. नाक बंद केले की ही धातूची चव बरीच कमी होते, ती यामुळेच. जुलाब-आवेवर मिळणाऱ्या मेट्रोनिडाझोलचे आणखी निराळे. गोळी न चघळता गिळली तरी औषध रक्तातून लाळेत उतरते आणि तोंड पुन्हा पुन्हा कडवट होते. चूळ भरून ते जात नाही. औषध थांबले की जाते, हे आधीच सांगितले तर रोगी घाबरून गोळ्या सोडत नाही.

कडूपणावर उतारा

विरघळल्याशिवाय चव नाही, या एकाच नियमावर औषधनिर्मात्यांच्या बहुतेक युक्त्या उभ्या आहेत. गोळीवरचे पातळ आवरण औषधाला जिभेशी भिडू देत नाही. चमच्याखाली आपण नेमके तेच आवरण फोडतो, वर चुरा करून औषध झटकन विरघळेल अशी सोय करतो. साहजिकच ते कैकपट कडू लागते. काही गोळ्यांचे आवरण पोटातल्या आम्लापासून बचावासाठी असते, काहींची घडण औषध तासन्‌तास हळूहळू सुटावे अशी असते. अशी गोळी चुरली तर औषध वाया जाते, किंवा सगळा डोस एकदम अंगात जातो.

दुसरी युक्ती रसायनशास्त्राची. मुदतीच्या तापावरचे क्लोरॅम्फेनिकॉल १९४७ साली सापडले. ते अतिशय कडू. त्याला पामिटिक आम्लाची जोड दिली तर ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून कडूही लागत नाही. आतड्यातली पाचकद्रव्ये ती जोड तोडतात आणि मूळ औषध मोकळे होते. मुलांसाठीचे पातळ मेट्रोनिडाझोलही याच तत्त्वावर बनते.

तिसरी युक्ती आपल्या स्वयंपाकघरात कधीची आहे. कारल्याला मीठ चोळून ठेवतात. त्याने कडू पाणी सुटते हे खरेच, पण मिठातले सोडियम जिभेवरची कडू जाणीवही दाबते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे नेटकेपणाने दिसले.

या प्रयत्नांचे मोल क्षयरोगात सगळ्यांत जास्त. उपचार सहा महिन्यांचा. पूर्वी मोठ्यांच्या गोळ्या तोडून, कुटून मुलांना द्याव्या लागत, डोसही अंदाजाने. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुलांच्या वजनानुसार बेतलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या, फळाच्या स्वादाच्या एकत्रित गोळ्या जगासमोर आल्या, आणि २०१७ पासून भारताच्या क्षयरोग कार्यक्रमातही अशा गोळ्या येऊ लागल्या. सहा महिने रोज रडारड होणार की नाही, हे चवीवर ठरते. आणि मूल बरे होणार की नाही, हे पुष्कळदा त्या रडारडीवर.

गोडाचा धोका

मात्र गोड लागणाऱ्या औषधांनी माणसांचे जीवही घेतले आहेत. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइडचे रासबेरीच्या स्वादाचे पातळ औषध निघाले. द्रावक म्हणून वापरलेले डायएथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक. शंभरहून अधिक माणसे दगावली. हेच द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. आणि २०२५ च्या पावसाळ्याअखेर नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमधून तेच विष वीसहून अधिक बालकांच्या पोटात गेले. गोड लागले म्हणून औषध निर्धोक ठरत नाही. लहानग्यांच्या साध्या सर्दी-खोकल्याला बहुतेक वेळा सिरपची गरजच नसते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते आणूच नये.

घरात काय करता येईल?

गोळी चुरण्याआधी ‘ही फोडली तर चालेल का?’ हे डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारावे. कडू औषधाआधी थंड पाण्याचा घोट द्यावा. जीभ थोडी बधिर होते. नंतर गुळाचा खडा किंवा केळ्याचा घास द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध देऊ नये. औषध पेलाभर दुधात कालवू नये. पेला अर्धा राहिला की डोसही अर्धाच. काही औषधे तर दुधामुळे नीट शोषली जात नाहीत आणि चहाबरोबर घेतलेल्या गोळीतले लोहही कमी शोषले जाते. नाक दाबून, आडवे करून औषध ओतणे धोक्याचे, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळाला बसते धरून ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडावे.

खारपाण पट्ट्यातल्या गावांसाठी एक गोष्ट वेगळी. ओआरएसच्या पुडीतले क्षारांचे प्रमाण गोड्या पाण्यासाठी ठरवलेले असते. विहिरीच्या किंवा बोअरच्या खाऱ्या पाण्यात ती पुडी कालवली तर सोडियम वाढते आणि मूल ते पीतही नाही. ओआरएससाठी पिण्याचे गोडे पाणीच घ्यावे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे औषध कडू लागते, जात नाही, उलटून पडते, हे दवाखान्यात मोकळेपणाने सांगावे. ही तक्रार क्षुल्लक नाही. पुष्कळदा दुसरा प्रकार, दुसरा स्वाद किंवा दुसरे औषध असते. पण रोग्याने सांगितल्याशिवाय डॉक्टरांना ते कळणार कसे? आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही ‘दिवसातून किती वेळा’ याच्या जोडीला ‘चव कशी लागेल’ हे एक वाक्य सांगावे. त्याला पैसा लागत नाही, वेळ अर्धा मिनिट लागतो, आणि कित्येक अर्धवट राहणारे उपचार त्या वाक्याने पुरे होतील.