तारखेचा आकडा आणि तारखेचे लेखन

छत्तीसगडातील चरोदा येथे रेल्वेचे भिलाई मार्शलिंग यार्ड आहे. मालगाड्यांचे डबे सोडवून, ज्यास ज्या दिशेस जावयाचे त्याप्रमाणे ते पुन्हा जुळविणे, हे अशा यार्डाचे काम. समजा, एक मालगाडी १ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी आली व १२ वाजून २० मिनिटांनी निघाली. ती थांबली अर्धा तास. परंतु तारीख मात्र बदलली. नुसते ११:५० आणि १२:२० लिहून ठेवले, तर ही वेळ रात्रीची की दुपारची, हेही कळावयाचे नाही. रेल्वे २३:५० आणि ००:२० असे लिहिते, ते याचसाठी.

संगणक ही अडचण निराळ्या रीतीने सोडवितो. १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, एवढाच आकडा तो बहुधा जवळ बाळगतो. आपली गाडी आली तेव्हा हा आकडा १७२२५३६४०० होता आणि निघाली तेव्हा १७२२५३८२००. वजाबाकी १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. येथे मध्यरात्रीचा अडथळाच उरत नाही.

हा आकडा माणसास वाचता येईल अशा रूपात मांडणे, यालाच तारखेचे स्वरूपण म्हणता येईल. सी भाषेत व तिच्यामागून आलेल्या पायथॉनमध्ये यासाठी एक साचा लिहून द्यावा लागतो. साच्यात टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे एक रोमन अक्षर असते. लहान ‘डी’ म्हणजे दिवस, लहान ‘एम’ म्हणजे महिना. मोठा ‘एम’ मात्र मिनिटे! मोठा ‘एच’ चोवीस तासांचे घड्याळ दाखवितो, तर मोठा ‘आय’ बारा तासांचे. हा भेद नवशिक्यास फार छळतो, आणि तो अधिक स्पष्ट असावयास हवा होता, असे म्हणणे भाग आहे.

साचा निवडताना वाचक कोण, हेही पाहावे लागते. ०२/०८/२०२४ हे आपणांस २ ऑगस्ट, तर अमेरिकेत ८ फेब्रुवारी. २०२४-०८-०२ या आंतरराष्ट्रीय लेखनात असा घोटाळा होत नाही. शिवाय अक्षरक्रमाने लावलेल्या नोंदी आपोआप कालक्रमाने लागतात.

राहिला प्रश्न स्थळाचा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली; ती ८२½ अंश पूर्व रेखावृत्ताची. सूर्याच्या हिशेबाने चरोदा तिच्या सुमारे चार मिनिटे मागे आहे, आणि जुनी मुंबईची वेळ तर ३९ मिनिटे मागे होती. जागतिक वेळेपुढे साडेपाच तास, ही सूचना संगणकास दिली नाही, तर आपली गाडी २ ऑगस्टच्या ००:२० ऐवजी १ ऑगस्टच्या १८:५० वाजता निघाल्याचे तो छापील. कारखान्याच्या सायडिंगमध्ये डबे ठरल्या मुदतीहून अधिक अडकले, की रेल्वे तासाच्या हिशेबाने डेमरेज आकारते. आगमनाची वेळ एका पद्धतीने व सुटण्याची दुसऱ्या पद्धतीने नोंदली गेली, तर तेथे साडेपाच तासांचा खोटा फरक पडेल. म्हणून हिशेब सेकंदांच्या आकड्यांवर करावा, आणि साचा लावावा तो कागदावर छापण्याच्या क्षणीच.