पासवर्ड सगळ्यांचा, सही कोणाची?

रात्रपाळीचा डॉक्टर घाईत असतो. वॉर्डातला संगणक दुपारच्याच डॉक्टरांच्या नावाने उघडा असतो, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. उद्या औषधाची मात्रा चुकली, तर नोंद दाखवणार भलत्याचेच नाव.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, यासाठी चिप बसवलेले स्मार्ट कार्ड वापरतात. कार्ड रीडरमध्ये घालायचे आणि पिन टाकायचा. चिपमधली गुप्त किल्ली बाहेर येत नाही. समोरून आलेल्या आकड्यावर चिप आतल्या आत सही करते आणि तेवढीच परत पाठवते. म्हणून दुसऱ्या गावाहून लॉगइन केले, तरी वाटेत किल्ली चोरीला जात नाही. कार्ड हरवले, तरी पिनशिवाय ते निरुपयोगी. पिन ठरावीक वेळा चुकला की कार्डच बंद पडते.

तरीही २००७च्या सुमारास तिथल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एकच कार्ड अनेकांनी वापरले. त्याला आळस म्हणता येणार नाही. लॉगइनला मिनिटभर लागायचे, आणि समोर रुग्ण. खरे सांगतो, मीही तेच केले असते.

आमच्याकडे असे कार्ड आले, तर मी आधी घड्याळ लावून बघेन.