खांदा दुखायचा थांबला, तरी थांबा

खांद्याच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांनी एक फसवा टप्पा येतो. झोळी निघालेली असते, टाके सुकलेले असतात, ठणका जवळजवळ गेलेला असतो. पेशंटला वाटतं, झालं. आत बसवलेली ऊती मात्र तेव्हा अजून कच्ची असते. ती परक्याच्या शरीरातून आलेली असेल, तर हे आणखी नीट समजून घ्यायला हवं.

सातारा-सांगलीत खांदे दोन तऱ्हांनी निकामी होतात. हा मल्ल खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरचा आणि मारुती मानेंच्या कवठेपिरानचा मुलूख. इथल्या पैलवानाचा खांदा पकडीत, पटात पुढच्या बाजूला निखळतो. असं वारंवार झालं की सांध्याच्या खोबणीची पुढची कड झिजते, आणि मग नुसते टाके घालून सांधा जागेवर राहत नाही. सांगलीच्या हळद बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचं किंवा उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या मजुराचं दुखणं वेगळं. त्याच्या खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरा वर्षानुवर्षं विरत जातात आणि एक दिवस फाटतात. पहिल्याला हाडाचा तुकडा लागतो, दुसऱ्याला कधीकधी कंडरेच्या जागी किंवा तिच्यावर पांघरायला ठिगळ.

बहुतेक वेळा सर्जन ते पेशंटच्याच शरीरातून घेतात. फ्रान्सच्या मिशेल लातार्जे यांनी १९५४ मध्ये खांद्याच्याच पुढचं एक छोटं हाड खोबणीच्या कडेला बसवायची रीत मांडली, ती आजही रोज वापरात आहे. जपानच्या मिहाता यांनी पुन्हा जोडता न येणाऱ्या कंडरेच्या जागी मांडीवरचं जाड आवरण वापरलं. पुढे अमेरिकेत त्याऐवजी मृत दात्याची, पेशी धुऊन काढलेली त्वचा वापरली जाऊ लागली. आपल्याकडे दात्याची ऊती महाग आणि कमीच मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊती बँक आहे. हाडं स्वच्छ करून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. खुब्याचा सांधा बदलताना काढलेला मांडीच्या हाडाचा गोळा अशा बँकांना उपयोगी पडतो, एरवी तो फेकूनच दिला जातो. २०११ च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात ऊतींचाही समावेश झाला. घरात कुणाचं खुबा बदलायचं ऑपरेशन ठरलं असेल, तर हाड देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दात्याचं म्हटलं की किडनीसारखी जुळवाजुळव आणि जन्मभराच्या गोळ्या आठवतात. इथे सहसा तसं काही लागत नाही. एचआयव्ही, कावीळ यांसारख्या संसर्गांसाठी दात्याची तपासणी होते. पण प्रक्रियेनंतर त्या ऊतीत जिवंत पेशी जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे शरीराला नाकारण्यासारखं फारसं शिल्लक नसतं. उरतो तो सांगाडा, हाडात खनिजांचा आणि त्वचेत कोलॅजनचा. तासगावच्या द्राक्षवेलीला मांडव देतात, तसा. फरक इतकाच, की इथे वेल हळूहळू मांडवच खाऊन त्या जागी स्वतःचा उभारते.

पहिल्या दिवसांत ग्राफ्टला, म्हणजे बसवलेल्या ऊतीला, धरून ठेवतात ते केवळ स्क्रू, टाके आणि हाडात रोवलेले अँकर. कडांकडून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्या मागून पेशंटच्याच पेशी. हाडात एका जातीच्या पेशी जुनं मृत हाड कुरतडतात आणि दुसऱ्या जातीच्या त्या जागी नवं घालतात. कुरतडणं आधी, भरणं नंतर, म्हणून मधल्या काळात ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असू शकतो. जाळीदार हाड लवकर बदलतं. कठीण, भरीव हाडाला वर्षं लागतात आणि दात्याच्या हाडाचा काही भाग तसाच मृत राहतो. तो राहिला तरी काम भागतं, जोड पक्का झाला म्हणजे पुरे.

कंडरेचं तसं नाही. निसर्गाने कंडरा हाडाला जोडताना मधे कूर्चेचे थर दिलेले असतात. ऑपरेशननंतर ते थर पुन्हा तसे बनत नाहीत, त्या जागी व्रणऊती येते. ती आधी विस्कळीत असते, मग ताणाच्या दिशेने महिनोन्‌महिने रचली जाते. म्हणून सुरुवातीचे चार-सहा आठवडे झोळी, मग दुसऱ्याच्या मदतीने हात उचलणं, आणि ताकदीचा व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. मैदान किंवा पोतं सहा महिन्यांच्या आत नाहीच, अनेकदा त्याहून उशिरा.

हात अजिबात न हलवणंही चूक. ज्याच्यावर भार येत नाही ते हाड शरीर विरघळवून टाकतं, हे यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. फिजिओथेरपीत हा भार मोजून दिला जातो. गावी परतल्यावर तीच आधी सुटते, ही माझी खरी तक्रार आहे. मजुरी बुडते म्हणून सुटते, हे कळतं. पण टाके तुटले तर दुसऱ्यांदा जोडायला कंडरा उरेलच असं नाही.

मधुमेह आटोक्यात नसेल तर हे सगळं मंदावतं. तंबाखू तर रक्तवाहिन्याच आकसवते, आणि ग्राफ्टला हव्या असतात नेमक्या त्याच. तेव्हा ती ऑपरेशनच्या आधीच सोडा. आणि जोर मारायला कधी लागायचं, हे वस्तादांना किंवा मुकादमाला विचारू नका, तुमचा स्कॅन पाहिलेल्या सर्जनला विचारा.