हाडाच्या भेगेत दडलेला जंतू

सेलूच्या एका वाचकाने विचारलं आहे : अपघातात पाय मोडला, रॉड बसवला, जखम भरली. वर्षभराने त्याच जागेतून पू यायला लागला. ‘नॅनो’ औषधाने हे कायमचं बरं होतं का?

हा जंतू इतके दिवस लपतो कुठे, ते आधी पाहू. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गोल जंतू साधारण 1 मायक्रॉनचा. हाडातल्या पेशींना जोडणाऱ्या नलिका त्याच्या निम्म्याहून अरुंद. पण 2017 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातील कॅरेन डी मेसी बेंटली आणि सहकाऱ्यांनी संसर्ग झालेल्या उंदराच्या हाडाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं प्रसिद्ध केली. गोल जंतू चक्क लांबट होऊन त्या नलिकांत शिरले होते, आत वाढतही होते! प्रश्न नेमका कुठे आहे हे त्या छायाचित्रांनी दाखवलं. आपल्या पांढऱ्या पेशी आकाराने कितीतरी मोठ्या. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात विंचू आत गेला की कोंबडी वरच चोच मारत राहते, तशी त्यांची गत होते. त्यात संसर्गाने मेलेल्या हाडाला रक्तपुरवठा नसतो. मग सलाईनमधून दिलेलं अँटिबायोटिक तिथे पोचणार कसं?

50 नॅनोमीटरचा कण मात्र त्या नलिकेत मावतो. हाडातलं खनिजही मुळात नॅनो आकाराच्याच स्फटिकांचं असतं. म्हणून त्याच जातीच्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या कणांत अँटिबायोटिक भरून ते जागेवरच सोडायचे, ही कल्पना मला फार आवडते. जंतू मारणाऱ्या चांदीच्या नॅनोकणांवर तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर यांनी मोलाचं काम केलं. त्यातून भाजलेल्या आणि इतर जखमांवर लावायचं जेल तयार झालं. पण ते त्वचेसाठी. हाडात चांदीचं प्रमाण वाढलं, तर जंतूंबरोबर हाड बांधणाऱ्या पेशीही मरतात.

निदानात नॅनोकण आधीच कामाला लागले आहेत. किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलेल्या नॅनोकोलॉइडने अस्थिमज्जेचा नकाशा मिळतो. खूण केलेल्या पांढऱ्या पेशी जिथे गोळा होतात पण मज्जा दिसत नाही, तिथे संसर्गाचा संशय बळावतो.

उपचारातले बहुतेक नॅनोकण अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहेत. आजचा खरा इलाज म्हणजे मेलेलं हाड काढणं आणि कित्येक आठवडे नेमकं अँटिबायोटिक घेणं. म्हणून सेलूच्या वाचकाला एवढंच सांगेन : ‘नॅनो’ नावाच्या बाटलीवर पैसे घालू नका. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि हाडाचा नमुना कल्चरला पाठवायचा का, हे औषध सुरू होण्याआधीच त्यांना विचारा.